रिपोर्टमधलं ते शून्य

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची, शाळेत शिकवते. घरात कुणालाच दमा नाही, मला तो पस्तिशीनंतर सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ पंप घेते, तरी गेल्या वर्षभरात चार वेळा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला. एरवी गोळ्या सुरू केल्या की दोन दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटतं आणि थांबवल्या की महिना-दीड महिन्यात पुन्हा घरघर. एकदा मात्र गोळ्यांच्या चौथ्या दिवशी ॲडमिट व्हावं लागलं. नाक कायम चोंदलेलं. त्यात मांस वाढलंय म्हणतात. दोन वर्षांत कसलाच वास आलेला नाही. छातीच्या डॉक्टरांनी आता बायॉलॉजिक इंजेक्शनचा विषय काढलाय. इंटरल्यूकिन, इओसिनोफिल असं बरंच काही ते बोलले, मला निम्मंही कळलं नाही. घरी येऊन शोधलं तर सहा निरनिराळी इंजेक्शनं निघाली. दीर म्हणतात, प्रतिकारशक्ती मारणारं औषध आहे, नादी लागू नका. जाऊबाई म्हणतात, घेऊन टाका, दमा मुळापासून जातो आणि पंप सुटतो. त्यात ॲडमिट झाले त्या दिवशीचा रिपोर्ट परवा हाताला लागला, तर इओसिनोफिल चक्क शून्य! म्हणजे हे औषध माझ्यासाठी नाहीच का? तिन्ही रिपोर्टचे फोटो पाठवते. काय करू?

– एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

तुमचे तिन्ही रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून पाहिले. आधी त्या शून्याचं बोलू. तुम्ही सगळ्यात जास्त धसका घेतलाय तो त्याचाच, आणि धसका घेण्यासारखं सगळ्यात कमी तिथेच आहे.

तो रिपोर्ट गोळ्यांच्या चौथ्या दिवशीचा आहे. स्टिरॉइड पोटात गेलं की रक्तातले इओसिनोफिल एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, दिसेनासे होतात. त्या दिवशी रक्त काढलं तर शून्य येणारच. तुमच्या दम्याबद्दल ते शून्य काहीच सांगत नाही. गोळी पोटात गेली होती आणि तिने आपलं काम केलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता पहिला रिपोर्ट घ्या. एकूण पांढऱ्या पेशी ८,२००, इओसिनोफिल ८ टक्के. गुणाकार केला की होतात ६५६. तिसरा रिपोर्ट शेवटच्या कोर्सनंतर दोन महिन्यांनी केलेला. पेशी ७,५००, इओसिनोफिल ६ टक्के, म्हणजे ४५०. या तिसऱ्यावर तुम्ही 'नॉर्मल' असं लिहून ठेवलंय, कारण शेजारच्या रकान्यात १ ते ६ टक्के छापलंय आणि तुमचा आकडा जेमतेम त्यात बसतो. टक्केवारीचा हा रकाना बऱ्याच जणांना असा चकवतो. आम्ही पाहतो ती टक्केवारी नव्हे, प्रत्यक्ष संख्या. दम्याच्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तामागे १५० च्या पुढे गेली की आमचे कान टवकारतात आणि ३०० च्या पुढे गेली की या इंजेक्शनांचा गंभीरपणे विचार सुरू होतो. तुमची संख्या दोनदा त्याहून वर आली आहे. तेव्हा औषध तुमच्यासाठी नाही, असं त्या शून्यावरून मुळीच ठरत नाही.

हे इओसिनोफिल आहेत तरी कोण? पांढऱ्या पेशींचीच एक जात. १८७९ साली पाउल एर्लिक यांनी इओसिन नावाचा रंग वापरला तेव्हा या पेशींतले दाणे गडद गुलाबी झाले, त्यावरून हे नाव पडलं. जंतांशी लढणं हे त्यांचं जुनं काम. तुमच्या दम्यात मात्र ते शत्रू नसतानाच श्वासनलिकेच्या अस्तरात येऊन बसतात आणि तिथे दाहक द्रव्यं ओततात. पण ते आपल्या मनाने येत नाहीत. त्यांना बोलावणं जातं. तुमच्या डॉक्टरांनी इंटरल्यूकिन हा जो शब्द वापरला, ते म्हणजे हे बोलावणं.

पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, ते रेणूंच्या रूपात. श्वासनलिकेच्या अस्तराला धूळ, विषाणू किंवा धूर लागला की तिथून पहिली हाकाटी उठते. ती देणाऱ्या रेणूंपैकी एकाचं नाव टीएसएलपी, दुसऱ्याचं इंटरल्यूकिन-३३. ती हाक ऐकून रोगप्रतिकारक पेशींचा एक विशिष्ट गट जागा होतो आणि तीन मुख्य निरोप सोडतो. इंटरल्यूकिन-५ जातो थेट हाडांतल्या मज्जेकडे : इओसिनोफिल तयार करा, पाठवा, जगवा. इंटरल्यूकिन-४ ॲलर्जीचं प्रतिपिंड, म्हणजे आयजीई, बनवायला लावतो. इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ वाढतो आणि नळ्या चटकन आवळतात. तुम्हाला पहाटे सुटत नाही तो चिवट, दोरीसारखा कफ बऱ्याच अंशी या शेवटच्याची करामत.

स्टिरॉइड हे सगळे निरोप एकदम बंद पाडतं, म्हणून ती 'जादू'. पण ते हाडं, साखर, रक्तदाब, डोळे, झोप यांचीही कामं विस्कटतं. वर्षाला चार कोर्स म्हणजे थोडके नव्हेत. प्रत्येक कोर्स छोटा वाटतो, पण हिशोब आयुष्यभराच्या बेरजेचा असतो. मोतीबिंदू, ठिसूळ हाडं आणि मधुमेह त्या बेरजेला लागून येतात. बायॉलॉजिकचं तसं नाही. ते प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड असतं. ठरलेल्या एकाच निरोपाला ते जाऊन चिकटतं, नाहीतर तो निरोप घेणारी पेशीवरची कडी अडवून धरतं. प्रथिन असल्यामुळे गोळीच्या रूपात घेतलं तर पोटात पचून जाईल, म्हणून इंजेक्शन.

एकच निरोप अडवायचा, म्हणजे तो तुमच्या शरीरात खरोखर फिरतोय का, हे आधी बघावं लागतं. नाहीतर जखम मांडीला आणि मलम शेंडीला. हे आम्हा डॉक्टरांनाही सहजी उमगलं नाही. ती हकिकत सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

इंटरल्यूकिन-५ अडवणारं मेपोलिझुमॅब माणसांवर वापरून २००० साली पहिले निकाल छापले गेले. रक्तातले इओसिनोफिल धाडकन खाली आले, दम्यात मात्र तसूभर फरक नाही. २००७ साली साडेतीनशेहून अधिक रुग्णांवरची चाचणी आली, तिथेही निराशाच. तुम्ही दमेकरी असाल तर या, एवढ्यावर माणसं निवडलेली होती. इओसिनोफिल दम्याला जबाबदारच नाहीत, असं म्हणायला लोकांनी सुरुवात केली आणि औषध जवळजवळ अडगळीत गेलं. मग २००९ साली दोन लहानशा चाचण्या आल्या, एक इंग्लंडमधल्या लेस्टरची, दुसरी कॅनडातल्या हॅमिल्टनची. त्यांनी निराळं काय केलं? तर उपचार चालू असूनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल सापडत होते आणि ज्यांचा दमा वारंवार उसळत होता, अशीच माणसं घेतली. लेस्टरमध्ये ६१ जण होते. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी ३.४ अटॅक आले, खरं घेणाऱ्यांना २. औषध तेच होतं, फक्त माणसं नीट निवडली होती. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पंधरा वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी चुकीच्या माणसांना टोचण्यात.

उलट गोष्टीही आहेत. टीएनएफ नावाचा दाहाचा आणखी एक निरोप अडवण्याचा, संधिवातात उत्तम चालणारा मार्ग गंभीर दम्यात वापरून पाहिला. फायदा ठोस दिसेना आणि गंभीर जंतुसंसर्ग व कर्करोग औषध घेणाऱ्या गटात जास्त दिसले, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. एकट्या इंटरल्यूकिन-१३ ला अडवणारी दोन औषधं मोठ्या चाचण्यांत दम्यापुरती फसली. त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-४ ही अडवलं, तेव्हा मात्र काम झालं. दोन्ही निरोप एकाच कडीवर येतात. ती कडी अडवणारं ते ड्युपिलुमॅब.

आता तुमच्या यादीतल्या सहा नावांकडे येऊ. ओमालिझुमॅब सगळ्यात जुनं, २००३ चं. ते आयजीईला पकडतं, म्हणून लहानपणापासून ॲलर्जी असलेल्यांत जास्त शोभतं. मेपोलिझुमॅब आणि रेसलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ ला पकडतात. बेनरालिझुमॅब त्याची इओसिनोफिलवरची कडीच धरतं आणि त्या पेशीला संपवायला लावतं, म्हणून त्यावर रक्तातली संख्या जवळजवळ शून्यावर येते. (हे मात्र औषधाचं शून्य. त्याने घाबरू नका.) ड्युपिलुमॅबचं वर आलंच. २०२१ च्या अखेरीस आलेलं टेझेपेलुमॅब अगदी वरची हाक, म्हणजे टीएसएलपी, अडवतं. त्याच्या मोठ्या चाचणीत वर्षाला सरासरी २.१० अटॅकचे ०.९३ झाले आणि इओसिनोफिल कमी असलेल्यांतही, थोडा कमी का होईना, उपयोग दिसला. इंजेक्शन दोन, चार की आठ आठवड्यांनी, हे औषधाप्रमाणे ठरतं. सहा महिन्यांतून एकदा पुरेल अशा डेपेमोकिमॅबच्या चाचण्यांचे चांगले निकाल २०२४ मध्ये आले आहेत.

सगळ्यात चांगलं कोणतं, हे कृपया मला विचारू नका. समोरासमोर लढवून पहिला नंबर काढावा, असा भक्कम पुरावा नाही. पण तुमच्यासाठी कोणतं, याबद्दल पत्रावरून थोडं बोलता येतं. मी उंटावरून शेळ्या हाकतोय हे लक्षात ठेवूनच वाचा. दमा पस्तिशीनंतरचा, घरात कुणाला नाही, नाकात पॉलिप (तेच ते वाढलेलं मांस), वास गेलेला, इओसिनोफिल चढे, गोळ्यांनी झटकन फरक. हे सगळं एकत्र आलं की चित्र बरंच स्पष्ट असतं. असे रुग्ण इंटरल्यूकिन-५ च्या गटाला किंवा ड्युपिलुमॅबला बहुधा चांगला प्रतिसाद देतात. मेपोलिझुमॅब आणि ड्युपिलुमॅब नाकातल्या पॉलिपसाठीही वापरतात. नाकाचा त्रास जास्त असेल तर मी डॉक्टरांशी आधी ड्युपिलुमॅबबद्दल बोलेन. वास परत आला म्हणून डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तो सगळ्यांना परत येतोच असं नाही, हेही आजच सांगून ठेवतो.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, त्या डॉक्टरांना आपणहून सांगा. डोकेदुखीची किंवा अंगदुखीची गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत दम वाढल्याचं, नाक गळल्याचं कधी झालंय का? पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामकांचं वावडं हे त्रिकूट पुष्कळदा एकत्र येतं. ते असेल तर ती औषधं कायमची वर्ज्य. ॲस्पिरिनची सवय घडवून आणण्याचा एक उपचार आहे, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, घरी करून बघण्याचा नाही. आणि दुसरं, पायांना मुंग्या, बधिरपणा, अंगावर जांभळट पुरळ असं काही? इओसिनोफिलमुळे रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार अशा दम्याच्या आड लपून बसतो. स्टिरॉइड कमी करायला घेतलं की तो डोकं वर काढतो. शक्यता कमी आहे, पण विचारून मोकळं व्हावं.

आणखी एक तपासणी आहे, श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची. नळीत सावकाश फुंकायचं, बस. आकडा वाढलेला असेल तर इंटरल्यूकिन-१३ चा निरोप जोरात चालू आहे असा अंदाज येतो. सोबत एकूण आयजीई आणि ॲलर्जीची चाचणी झाली की डॉक्टरांच्या हातात पत्ते पुरेसे येतात.

तुमचे दीर चुकीचं बोलताहेत, पण अगदीच हवेत नाही. प्रतिकारयंत्रणेतलं काहीतरी आपण अडवतो, हे खरं. पण साधा ताप, जखम, न्यूमोनिया यांच्याशी लढणारी मुख्य फौज दुसरी आहे, तिला ही इंजेक्शनं फारशी हात लावत नाहीत. प्रतिकारशक्ती खरोखर दाबतात त्या तुमच्या वर्षाकाठच्या चार कोर्सच्या गोळ्या, आणि त्यांबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला दिसत नाही! काळजी घ्यायची ती इथे : पोटात जंत असतील तर आधी त्यांचा उपचार, कारण जंतांशी लढणारीच वाट आपण अडवतोय. कोणतीही लस घेण्याआधी, विशेषतः जिवंत विषाणूची असेल तर, विचारायचं. नागिणीची लस घ्यावी का, हेही बोलून घ्या. ड्युपिलुमॅबने काहींचे डोळे लाल होतात, चुरचुरतात आणि सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल उलट वाढलेले दिसू शकतात. ओमालिझुमॅबने हजारात एक-दोघांना तीव्र ॲलर्जी येते. म्हणून सुरुवातीची इंजेक्शनं दवाखान्यातच घ्यायची आणि नंतर थोडा वेळ तिथेच बसायचं.

जाऊबाईंना मात्र नाही म्हणावं लागेल. दमा मुळापासून जात नाही. निरोप पाठवणारी यंत्रणा तशीच राहते, आपण फक्त निरोप वाटेत गाठतो. तीन-तीन वर्षं मेपोलिझुमॅब घेतलेल्यांचं औषध थांबवून पाहिलं, तर चालू ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात अटॅक जास्त आले. पंपाचंही तसंच. २०२३ च्या एका चाचणीत बेनरालिझुमॅबवर स्थिरावलेल्या बहुतेकांना पंपाचा डोस कमी करता आला, हे खरं. पण ज्यांनी तो लागेल तेव्हाच घेण्यावर आणला, त्यांची फुप्फुसांची ताकद थोडी घसरली. डोस कमी होईल. पंप सुटेल या आशेवर इंजेक्शन घेऊ नका.

पंपावरून आठवलं. खरं तर हे पहिल्या परिच्छेदातच यायला हवं होतं. इंजेक्शनला होकार देण्याआधी तुम्ही पंप कसा घेता ते कुणाला तरी दाखवा. तोंडी सांगू नका, घेऊन दाखवा. हे सुचवलं की लोक दुखावतात, 'नऊ वर्षं घेतेय हो' म्हणतात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी पिशवीतून पंप काढला, झोकात दाबला, वर तोंडातून पांढरा धूर सोडून दाखवला. औषध सगळं त्या धुरातच चाललं होतं. तुमचा पंप दाबायचा असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, मग सावकाश ओढायला सुरुवात करून लगेच दाबायचं, ओढत राहायचं आणि दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर श्वास धरायचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर निम्मी कसरत वाचते. पुडीचा, म्हणजे कोरड्या भुकटीचा, असेल तर नेमकं उलटं : एकदम जोरात, खोल ओढायचा, आणि त्यात फुंकर कधीच मारायची नाही, पुडी दमट होते. पाठीमागचा काउंटरही बघा. शून्य कधी आलं ते कळलंच नाही, अशी माणसं दर आठवड्याला भेटतात. ते शून्य मात्र खरंच महत्त्वाचं.

हे सगळं नीट असूनही दमा आटोक्यात येत नाही, अशांची संख्या फार नाही. एका डच पाहणीत प्रौढ दमेकऱ्यांपैकी ३.६ टक्केच खऱ्या अर्थाने गंभीर दम्याचे निघाले. तुम्ही त्यांतल्या आहात असं दिसतं, पण दिसणं वेगळं आणि तपासून ठरवणं वेगळं.

इंजेक्शन सुरू झालं तर निदान चार महिने द्या. पहिल्या आठवड्यातच फरक पडला म्हणणारेही भेटतात, पण खरा हिशोब अटॅकचा असतो, आणि तुम्हाला अटॅक यायचा तो मुळात दोन-तीन महिन्यांनी एकदा. त्यामुळे एक वही करा. तारीख, रात्री खोकल्याने उठलात का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, गोळ्यांचा कोर्स लागला का. चार महिन्यांनी काहीच हललं नाही, तर दुसऱ्या निरोपाचं औषध घेऊन बघता येतं. एकाचा उपयोग झाला नाही म्हणून दुसऱ्याचा होणार नाही, असं नसतं.

स्टिरॉइडच्या गोळ्या घरात शिल्लक असतील तर त्या आपल्या मनाने ना सुरू करायच्या, ना थांबवायच्या. वारंवार घेतल्यावर शरीर आपलं नैसर्गिक स्टिरॉइड बनवायला आळसावतं. मध्येच अचानक थांबवल्या तर थकवा, चक्कर, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. इंजेक्शनचा गुण आला तरी गोळ्या उतरवायच्या त्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच.

पुढच्या भेटीला तिन्ही रिपोर्ट न्या. पहिल्यावर ६५६ लिहा, तिसऱ्यावरचा 'नॉर्मल' खोडून ४५०. आणि मधल्यावर, त्या शून्याच्या शेजारी, ठळक अक्षरात : 'गोळ्यांचा चौथा दिवस.'